सौरवच्या बॅगेतली स्ट्रिप

१

मध्यांतर संपत आलं तरी सौरव दिसेना, म्हणून अभिजीत त्याला बोलवायला साहित्याच्या खोलीकडे गेला.

नंदनवनच्या त्या मैदानावर खो-खोचा अंतिम सामना चालू होता. मांडवात पाहुणे बसले होते, कमानीवर ‘नवी झेप क्रीडा मंडळ : नशेला खो, मैदानाला हो’ असं लिहिलेलं होतं, आणि पहिल्या डावात सौरव पौनीकर शेवटपर्यंत बाद झाला नव्हता. सतरा वर्षांचा पोरगा. खांबाशी असा काही वळायचा की पाठलाग करणारा पुढे निघून जायचा. लोक शिट्ट्या वाजवत होते.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सौरव जाजमांच्या ढिगावर उताणा पडला होता, बॅग उशाला घेऊन.

“ऊठ न बे,” अभिजीत म्हणाला. “सर बोलवून राहिले.”

मग त्याला सौरवचे ओठ दिसले. ते जांभळे पडले होते.

प्रशिक्षक प्रणाली खापेकर मैदानावरून धावत आली. तिनं छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. मांडवातून पाहुणे डॉक्टर धावत आले, पण त्यांना नाडी लागली नाही. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. अभिजीतच्या खांद्याला सौरवची बॅग तशीच लटकलेली होती.

सहायक पोलीस निरीक्षक मुग्धा पांढरीपांडे हिनं ती बॅग दवाखान्याच्या बाकावर रिकामी केली. टॉवेल, बूट, पाण्याची बाटली, मोसंबीची साल. आणि बाजूच्या कप्प्यातून गोळ्यांची एक स्ट्रिप. निम्मी रिकामी. झोपेच्या त्याच गोळ्या, ज्यांना गल्लीत ‘बटन’ म्हणतात. स्ट्रिपच्या पाठीला काहीतरी पिवळट चिकटून वाळलेलं होतं.

सौरवची आई, कौशल्या, समोरच उभी होती. तिनं स्ट्रिप पाहिली आणि ओळखली. दोन वर्षांपूर्वी असल्या स्ट्रिपा तिनं पोराच्या गादीखालून काढल्या होत्या.

ती रडली नाही. पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाली, “म्हणजे सोडलंच नव्हतं यानं.”

मुग्धानं पंचनाम्याचा कागद पुढे ओढला. वर्षभरात अशी किती पोरं तिनं पाहिली होती ते तिनं मोजणं सोडलं होतं. तिला काही वाटलं नाही. काही वाटत नाही, याचंही तिला आता काही वाटत नसे.

२

दुसऱ्या दिवशी मैदानाला कुलूप होतं. महापालिकेची नोटीस फाटकावर डकवलेली होती : चौकशी पूर्ण होईपर्यंत वापर बंद. फाटकाबाहेर सात-आठ पोरं उगाच उभी होती.

मंडळाचे अध्यक्ष कृष्णकांत हेडाऊ कार्यालयात बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. अंगात पांढरा सदरा, मागच्या भिंतीवर सत्काराच्या तसबिरी. या मैदानावर आधी जुगार चालायचा आणि भिंतीच्या आडोशाला पोरं पंक्चरच्या सोल्युशनचे रुमाल हुंगत बसायची. कृष्णकांत सरांनी दहा वर्षं खपून ते सगळं हटवलं होतं. हे मुग्धालाही माहीत होतं. तिनंच काही पोरं इथं धाडली होती.

“सौरव कधीपासून होता तुमच्याकडे?”

“दोन वर्षं होतील. आई घेऊन आली होती हाताला धरून. फॉल-पिको करते ती सीताबर्डीतल्या दुकानांची. पोरगा नुसता काडी झाला होता.” सरांनी चष्मा पुसला. “इथं आला आणि माणूस झाला. काल काय खेळला, तुम्ही पाहायला हवं होतं, मॅडम. तसा गुडघा घेऊन मोठमोठे खेळाडू मैदानात उतरत नाहीत. आणि या पोरानं शेवटपर्यंत हात लावू दिला नाही कोणाला.”

“आणि तरी गोळ्या.”

“ती ओढ सुटत नाही, मॅडम. मी पोरांना रोज सांगतो. एक क्षण पुरतो.” सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “त्यानं एकट्यानं माती खाल्ली आणि दीडशे पोरांचं मैदान गेलं. तुम्ही अहवालात एवढं लिहा, की दोष मंडळाचा नाही.”

खिडकीजवळ स्टुलावर एक पत्र्याचा डबा होता. वर फट, कडीला कुलूप, आणि अंगावर लाल रंगात लिहिलेलं : ‘टाकून दे’.

“हे काय?”

“मंडळात येणारा प्रत्येक जण जवळ असेल ते पहिल्या दिवशी यात टाकतो. गोळ्या, पुड्या, सोल्युशनच्या ट्यूबा. पाहुण्यांना आम्ही तो हलवून दाखवतो.” सर किंचित हसले. “आवाजच पुरतो.”

मुग्धा बाहेर पडली. फाटकाशी उभ्या पोरांत अभिजीत नव्हता.

मयत आदल्या संध्याकाळीच झाली होती. कौशल्याच्या गल्लीतली चार माणसं गेली होती, आणि तीही मागेमागे राहून.

ठाण्यात पोचेपर्यंत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

“पांढरीपांडे मॅडम, तुम्ही त्या स्ट्रिपचं लिहिलंय ना, ते जुळत नाही. प्राथमिक तपासणीत झोपेच्या गोळीचा मागमूस नाही. त्याच्या अंगात दुसरंच औषध आहे. वेदनाशामक, अफूच्या जातीतलं. ऑपरेशननंतर देतात ते. भरपूर. त्यानं श्वास मंदावत मंदावत थांबला.”

“आणखी काही?”

“उजवा गुडघा. नारळाएवढा सुजलेला. दुखापत सामन्यातली नाही, दोन-तीन दिवस आधीची आहे.”

३

“गुडघा?” प्रणाली म्हणाली. “कोणाचा गुडघा?”

ती आपल्या घराच्या ओट्यावर बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. कालपासून तिनं केस विंचरले नव्हते. मंडळानं तिला ‘सध्या येऊ नका’ असं कळवलं होतं.

“सौरवचा. उजवा.”

“नाही. मले माहीत असतं त मी त्याले बसवलं असतं, मॅडम. माहा स्वतःचा गुडघा असाच गेला. दुखऱ्या पायावर खेळली, अन् दोन वर्षं घरी बसली. माह्या पोरांले हेच सांगते मी, दुखलं की बोला.”

“दिसला नाही तुम्हाला?”

“नवीन ड्रेस होता न. फुल पँट. पाहुणे येणार म्हणून सरांनी सगळ्यांले शिवली.”

तिनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. “काहून नाही सांगितलं त्यानं मले?”

मुग्धानं वही उघडली. “तुमच्या ऑपरेशनच्या वेळी वेदनाशामक दिलं असेल. कुठलं?”

प्रणालीनं नाव सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलंच.

“उरल्या होत्या का गोळ्या?”

“हो. एक पूर्ण स्ट्रिप.” प्रणालीनं वर पाहिलं. “त्या मी डब्यात टाकल्या. सगळ्या पोरांसमोर. म्हटलं, नियम ताईलेही आहे. डॉक्टरची असो की कोणाचीही असो, नको असलेली गोळी घरात ठेवायची नाही.”

“डब्याची चावी?”

“एक माह्यापाशी, एक सरांपाशी.” हे बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. “मॅडम, मी नाही दिल्या त्याले.”

“चला, डबा उघडू.”

पंचांसमोर प्रणालीच्या चावीनं डबा उघडला. आतून सोल्युशनचा उग्र वास आला. एक ट्यूब केव्हातरी फुटली होती आणि तळाचं सगळं त्या पिवळट चिकाट लगद्यात गच्च बसलं होतं. पुड्या, सिगारेटी, स्ट्रिपा.

“हा रिकामा करत नाहीत?”

“दरवर्षी आतलं सारं पोलिसांसमोर जाळायचं ठरलं होतं. पण सर म्हणत, भरलेला राहू दे. पाहुण्यांले दाखवाले बरा.”

मुग्धानं बॅटरी मारली. लगद्यात एक मोकळी जागा होती. लांबट, चौकोनी, नुकतीच उचकटल्यासारखी. पुराव्याच्या पिशवीतली स्ट्रिप तिनं वरून धरून पाहिली. आकार तोच. पाठीचा डाग तोच. स्ट्रिपवरची मुदत तर गेल्या वर्षीच संपलेली.

“ही त्याचीच असंल,” प्रणाली म्हणाली. “पहिल्या दिवशी त्यानं एकच टाकली होती. निम्मी. तेव्हाच मोकळा झाला, असा चेहरा झाला होता त्याचा.”

प्रणालीनं टाकलेली वेदनाशामकाची स्ट्रिप डब्यात कुठेच नव्हती.

म्हणजे सौरवनं ज्या दिवशी नशा टाकून दिली, त्याच दिवशीची स्ट्रिप कोणीतरी परत त्याच्या बॅगेत घातली होती. आणि ज्यानं तो मेला तेही याच डब्यातून आलं होतं.

चाव्या दोन होत्या.

४

अभिजीत सापडला तो बंद पडलेल्या बाजारगाळ्यांच्या मागे, भर दुपारी. भिंतीला टेकून बसला होता. मुठीत रुमाल होता. मुग्धानं हात पुढे केला तेव्हा त्यानं मुकाट्यानं दिला. सोल्युशननं भिजलेला होता.

“हुंगलंस?”

“नाही अजून.” तो कुठे पाहत होता ते कळत नव्हतं. “घेऊन बसलो आहो, सकाळपासून. मैदान बंद आहे. दुसरं काय करू?”

मुग्धा त्याच्या शेजारी खाली बसली. गणवेशाला धूळ लागली.

“बॅग तुझ्याजवळ होती, अभिजीत. दवाखान्यापर्यंत.”

“हो.”

“उघडली होतीस?”

“नाही. त्याच्या डोक्याखालून काढली अन् खांद्याले लावली. त्याची आई विचारंल म्हणून.” मग त्याला प्रश्नाचा अर्थ लागला. “तुम्हाले वाटते मी ठेवली ते? मी कुठून आणू? सौरवनं अन् मी एकाच दिवशी डब्यात टाकलं होतं. मले आजही पायजे असंल त रुमालच भेटते. बटन नाही.”

“तू खोलीत गेल्यापासून मी बॅग उघडेपर्यंत आणखी कोणी हात लावला तिला?”

“कोणीच नाही. माह्या खांद्यावर होती न.”

मुग्धानं ते मनात ठेवलं. “त्याचा गुडघा तुला माहीत होता?”

अभिजीतची मान खाली गेली. “आमच्या घराच्या जिन्यावरून घसरला. मले शपथ घातली, ताईले सांगायचं नाही. ताई बसवंल अन् सिलेक्शन जाईल म्हणे. घरी आईलेही नाही सांगितलं. मी सोडून कोणालेच नाही.” तो थांबला. “सामन्याच्या सकाळी लंगडूनच राहिला होता. मी म्हटलं, नको खेळू गा, कोणाले तरी सांग. त म्हणे, ताईचं तोंड पाहून सांगवत नाही, दुसऱ्या कोणाले तरी सांगतो. मग आला त मस्त चालून राहिला होता. हसूनही राहिला होता. मले वाटलं, बरा झाला.”

मुग्धा उठली. रुमाल तिनं पुराव्याच्या पिशवीत नाही, कचऱ्याच्या पेटीत टाकला.

“घरी जा. जेव काहीतरी.”

“मॅडम, त्यानं खरंच परत घेतली होती का?”

तिनं मागं वळून पाहिलं. हा पोरगा सकाळपासून रुमाल धरून याच एका उत्तराची वाट पाहत होता, असं तिला वाटलं. मित्राला जमलं नाही तर आपल्याला काय जमणार, एवढाच त्याचा हिशेब.

“नाही,” ती म्हणाली. “नव्हती घेतली.”

५

कृष्णकांत सरांच्या घरी चहा झाला होता. सरांनी तिला खुर्ची दिली आणि आपण दिवाणावर बसले.

“अहवाल झाला, मॅडम?”

“होतोय. एक शंका आहे, सर. परवा तुम्ही म्हणालात, तसा गुडघा घेऊन मोठमोठे खेळाडू मैदानात उतरत नाहीत.”

“म्हणालो असेन.”

“सौरवचा गुडघा सुजला होता, हे आईला माहीत नव्हतं. प्रणालीला माहीत नव्हतं. मला स्वतःला त्या वेळी माहीत नव्हतं, डॉक्टरांचा फोन नंतर आला. पँट पायघोळ होती, मैदानावर तो लंगडला नाही. अभिजीतला माहीत होतं, आणि सामन्याच्या सकाळी सौरवनं ज्याला जाऊन सांगितलं त्याला. ते तुम्ही होता.”

सरांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“डब्याच्या चाव्या दोन. प्रणालीनं गोळ्या दिल्या असत्या, असं क्षणभर धरू. पण नंतर ती पहिल्या डावापासून पोरांच्या बाकाजवळ होती, सगळ्या मैदानासमोर. जुनी स्ट्रिप काढायला कार्यालयात आणि ठेवायला खोलीत ती जाऊ शकत नव्हती. पाहुण्यांची ऊठबस करत सगळीकडे फिरत होते ते तुम्ही.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. सर बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असावा तसा सरळ होता.

“तो नाही म्हणायला आला होता. सर, मले नाही जमत, म्हणाला. पाहुणे निघालेले. महापालिकेशी मैदानाचा करार त्याच दिवशी जाहीर होणार होता. तो नसता तर पहिल्या डावातच आटपलं असतं. मी प्रणालीचं औषध काढलं. त्यानं विचारलं, सर, ही कशाची? मी सांगितलं, डॉक्टरनं ताईला दिली होती, दुखण्याची आहे, नशेची नाही. त्यानं दोनदा विचारलं. मग माझ्या हातातून घेतली.”

“एक?”

“आधी एक. अर्ध्या तासानं म्हणाला, अजून दुखतंय. मग आणखी दिल्या. मला काय माहीत एवढं...” ते थांबले. “मी त्याला मारायला दिल्या नाहीत, मॅडम. खेळायला दिल्या.”

“मान्य आहे,” मुग्धा म्हणाली. “आता दुसरं सांगा. अभिजीतनं दार उघडल्यापासून बॅग त्याच्या खांद्यावरून उतरली नाही, ती थेट माझ्यासमोर उघडली. म्हणजे स्ट्रिप बॅगेत गेली ती अभिजीत खोलीत जायच्या आधी. तुम्ही त्याच्या आधी तिथं गेला होता.”

सर खिडकीकडे पाहत राहिले.

“तेव्हा तो श्वास घेत होता का, सर?”

सरांनी कप बशीत सरळ केला.

“घेत होता का?”

“घोरत होता,” कृष्णकांत सर म्हणाले. “फार हळू. मी हाक मारली, हलवलं. उठला नाही. मला वाटलं, झोप लागली असेल. उन्हाचा थकला असेल.”

“झोपलेल्या पोराच्या बॅगेत कोणी स्ट्रिप ठेवत नाही.”

सरांच्या मांडीवरचे हात हलेनासे झाले.

“मांडवात पाहुण्यांबरोबर एक डॉक्टर बसले होते,” मुग्धा म्हणाली. “सत्काराच्या यादीत नाव आहे त्यांचं. खोलीपासून मांडव हाकेवर आहे. तुम्ही कार्यालयात गेलात, डबा उघडला, चिकटलेली स्ट्रिप उचकटली, परत आलात. तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना हाक मारू शकला असता.”

“मग विचारलं असतं ना त्यांनी, काय दिलं म्हणून!” सर पहिल्यांदाच ओरडले. आतल्या खोलीतून कोणीतरी दाराशी आलं आणि तिथंच थांबलं. “नशामुक्तीच्या मैदानावर अध्यक्षच गोळी देतो, म्हटल्यावर काय राहिलं असतं? दहा वर्षं घातली मी. दीडशे पोरं आहेत. तो एक घसरला, असं म्हणून निभलं असतं. घसरतात पोरं. लोक समजून घेतात.”

“लोकांनी समजूनच घेतलं,” मुग्धा म्हणाली. “मयतीला चार माणसं होती.”

सरांनी चष्मा काढला. डोळे कोरडे होते. त्यांनी आतल्या दाराकडे पाहून सांगितलं, “माझी चप्पल काढून ठेव.” आणि उठले.

६

मैदानाचं कुलूप काही निघालं नाही. करार रद्द झाला, कमान उतरवली गेली, डबा पुरावा म्हणून ठाण्यात जमा झाला. हे सगळं होणार हे मुग्धाला सरांच्या घरी जातानाही माहीत होतं. मैदानाबद्दल सर खोटं बोलले नव्हते. खरं कळलं आणि मैदान गेलं.

चार दिवसांनी प्रणालीनं घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर दोन बांबू रोवले. नाव नाही, फलक नाही. पहिल्या संध्याकाळी सहा पोरं आली. त्यात अभिजीत होता. खो-खोला सहा पोरं पुरत नाहीत, म्हणून ते नुसते धावले.

मुग्धा कौशल्याकडे गेली ती सरांच्या अटकेनंतरच्या सकाळी. गल्लीत कधीकाळी घरोघर हातमाग होते; आता फक्त घरं लांबट उरली होती. कौशल्या मशीनवर साडीला फॉल लावत बसली होती. तिनं पाय थांबवला नाही.

मुग्धानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुडघा, गोळी, डबा, स्ट्रिप. श्वासाचंही सांगितलं. न सांगता आलं असतं, पण सांगितलं.

मशीन केव्हातरी थांबलं होतं.

“मी रडली नाही त्याच्या मयतीले,” कौशल्या म्हणाली. “मले राग आला होता. वाटलं, दोन वर्षं फसवलं यानं मले. त्याचे कपडेही देऊन टाकले मी. सारे.” ती सुईतला दोरा ओढत राहिली. “त्यानं विचारलं होतं न, ही कशाची आहे म्हणून?”

“दोनदा विचारलं होतं.”

“दोनदा.”

“हो.”

“अन् खेळत नाही म्हणून सांगाले गेलता.”

“हो.”

कौशल्यानं साडीची घडी घातली. तोंड धुतलं. मुग्धाला वाटलं, आता ही बसून रडेल, आणि आपल्याला काय करायचं ते सुचणार नाही. पण कौशल्यानं चपला घातल्या आणि बाहेर आली. शेजारच्या दाराची कडी वाजवली. एक म्हातारी बाहेर आली, पोलीस पाहून दचकली.

“सौरवनं घेतली नव्हती,” कौशल्या म्हणाली. “त्याले दिली होती. त्यानं दोनदा विचारलं होतं. हे मॅडम आहेत, विचारा त्यांले.”

म्हातारीनं मुग्धाकडे पाहिलं. मुग्धानं मान हलवली.

“बस वं बाई आत,” म्हातारी म्हणाली. “पाणी घे.”

“बसत नाही, काकू. आणखी घरं राहिली आहेत.”

आणि कौशल्या पुढच्या दाराशी गेली. मुग्धा तिच्या मागोमाग चालू लागली.